बांधावरून : मागे राहिलेला जबडा आणि दिवसाला एक मिलिमीटर



या सदरात मी एरवी बियाणे, खते, कीड आणि पाऊसपाणी यांबद्दल लिहितो. आज जरा वाट सोडून लिहिणार आहे. विषय माणसाच्या हाडाचा आहे. शेतीची पदवी घेतलेल्या माणसाने जबड्याच्या शस्त्रक्रियेवर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. पण माझ्या मंडळातल्या एका घरात ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली, आणि तिच्यात माझाही एक जुना कमीपणा गुंतलेला आहे. तो आधी सांगून मोकळा होतो.

सोळा-सतरा वर्षांपूर्वी त्या घरी कपाशीच्या प्रात्यक्षिकासाठी गेलो होतो. ओसरीवर चहा झाला. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता, पण तो साधा नव्हता, नाकातून फुसफुसत येत होता. विचारले तेव्हा आजी म्हणाली, "गिऱ्हानानं वाटोळं केलं बघा साहेब. सुनेला सातवा चालू होता. नको नको म्हणताना हिनं विळीवर भाजी चिरली, अन् पोरीचा ओठ फाटला." सून दाराआड उभी होती. पदर डोळ्यांना लावून मुकाट रडत होती.

मी शिकलेला माणूस. ही समजूत खोटी आहे हे मला ठाऊक होते. पण म्हातारीशी वाद कशाला, म्हणून बशीतला चहा संपवला आणि उठलो. त्या माउलीवरचा आळ त्या दिवशी मी एका वाक्याने उतरवू शकलो असतो. उतरवला नाही. तो आज उतरवतो.

ग्रहणाचा काही संबंध नाही

पोटातल्या बाळाचा वरचा ओठ दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये जुळतो. हे काम गर्भ राहिल्यापासून साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात होते. टाळू त्यानंतर जुळते आणि बाराव्या आठवड्याच्या सुमारास तेही काम पुरे होते. म्हणजे पुष्कळ बायांना दिवस गेल्याची नीट खात्री पटते न पटते, तोवर ओठ जुळला तरी असतो किंवा दुभंगलेला तरी राहिलेला असतो. मग सातव्या महिन्यात ग्रहण लागो की पाऊस पडो, विळीवर भाजी चिरो की चुलीत लाकूड घालो, जुळलेला ओठ फाटणार कसा?

आपल्या देशात साधारण ७०० ते १००० जन्मांत एका बाळाला असा दोष असतो. काही घराण्यांत तो रक्तातून येतो. तंबाखूचा धूर आणि फेफऱ्यावरची काही औषधे यांनी धोका वाढतो. बऱ्याच वेळा नेमके कारण सापडतच नाही. पण सुनेची चूक हे कारण कधीच नसते.

मुलगी वाढली, जबडा मागे राहिला

या पोरीचा ओठ एक वर्षाची असताना शिवला. टाळूची शस्त्रक्रिया झाली, पण उशिरा झाली. नंतर तपासणीला बोलावले होते. मात्र एका खेपेला दोन दिवस जातात आणि दोन माणसांचा रोज बुडतो, म्हणून जाणे हळूहळू बंद झाले. यात मी त्यांना दोष देत नाही. आपण कलम बांधून दिले आणि पुढे कोणी पाहायला गेलेच नाही, तर कलमाचे जे होते तेच इथे झाले.

टाळू शिवल्यावर तिथे वण तयार होतो. तो कातडीसारखा ताणत नाही, दोरीसारखा आवळून धरतो. आंब्याच्या कलमाची पट्टी वेळेवर सोडली नाही की खोड तिथे दबते, हे आपण पाहिले आहे. इथे फरक एवढाच की वणाची ही पट्टी सोडता येत नाही. टाळू शिवणे तर भागच असते, नाहीतर बाळाला धड गिळता येत नाही आणि बोलताही येत नाही. त्यामुळे अशा काही मुलांत खालचा जबडा वयाप्रमाणे वाढतो, वरचा मात्र मागे राहतो.

पोर सोळा वर्षांची झाली तेव्हा तिचे खालचे दात वरच्या दातांच्या बारा मिलिमीटर पुढे होते. म्हणजे बोटाच्या एका पेराचे निम्मे अंतर. पुढच्या दातांनी तिला भाकरीचा तुकडा तुटत नव्हता. वरच्या हिरडीत एका बाजूला हाडच नव्हते, खाच होती, आणि तिथला सुळा वाकडा आला होता. बोलणे नाकातून. वर्गातली पोरे नक्कल करत. आठवीनंतर तिने शाळा सोडली. पाहुणे आले की माजघरात जाऊन बसे. आजीला तिच्या लग्नाची काळजी होती. पोरीला वेगळीच गोष्ट हवी होती. मला एकदा ती म्हणाली, "काका, मला दहावी करायची आहे. फक्त वर्गात माझं नाव मला सांगता आलं पाहिजे."

या खेपेला मी चहा पिऊन उठलो नाही. बापाला बरोबर घेतले आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जबड्याच्या शल्यचिकित्सकांकडे गेलो.

फुटलेला बांध कसा भरायचा

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. दुखणी दोन होती. एक म्हणजे हिरडीतली खाच, दुसरे म्हणजे मागे राहिलेला जबडा.

खाच लहान असेल तर कमरेच्या हाडातला भुसभुशीत भाग काढून तिथे भरतात. हे काम खरे तर आठ ते अकरा वर्षांच्या वयात, सुळा उतरण्याआधी करायचे असते. तेव्हा सुळा त्या नव्या हाडातून सरळ खाली येतो. आमचा तो मोसम हुकला होता. तरी खाच लहान होती, म्हणून उशिरा का होईना, ती अशी भरली. मग दातांना तारा लावून त्यांची रांग सरळ करण्यात बरेच महिने गेले.

खाच मोठी असेल तर बाहेरून आणून भरलेले हाड नेहमी टिकत नाही. बांधाला मोठे भगदाड पडले आणि दुसरीकडून सैल माती आणून टाकली, तर पहिल्या पावसात ती वाहून जाते. मुळे धरलेली, गवत वाढलेली माती मात्र टिकते. बाहेरच्या हाडालाही रक्ताचा पुरवठा मिळाला नाही तर ते विरघळून जाते. अशा वेळी खाचेच्या कडेचा हाडाचा तुकडा, त्यावरच्या दातांसह आणि हिरडीसह कापून सुटा करतात. त्याचा रक्तपुरवठा मात्र तोडत नाहीत. मग एका यंत्राने तो रोज थोडाथोडा खाचेकडे सरकवतात. पुढची खाच मिटत जाते आणि मागे जी नवी फट पडते तिथे शरीर स्वतः नवे हाड भरते. ही युक्ती रुंद खाचांसाठी तैवानच्या एरिक लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मांडली.

सगळा जबडाच मागे असेल तर तोच मार्ग सगळ्या जबड्याला लावतात. अंतर थोडे असेल तर जबडा एकाच बैठकीत पुढे आणून पट्ट्या-स्क्रूंनी बसवता येतो. पण दहा मिलिमीटरच्या पुढे गेले की टाळूचा वण त्याला पुन्हा मागे ओढतो. हाड हलवता येते, पण वरचे मांस, कातडी आणि वण एका दिवसात तयार होत नाहीत. त्यांना सवय लावावी लागते. हळूहळू ताणण्याचा मोठा गुण हाच, की हाडाबरोबर मांस, हिरडी आणि कातडीही वाढत जाते. डॉक्टर या उपचाराला डिस्ट्रॅक्शन म्हणतात.

एका खेड्यातल्या डॉक्टरची देणगी

ही विद्या आली कुठून? सोव्हिएत रशियात, सायबेरियाच्या पश्चिमेला कुर्गान नावाचा भाग आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी गाव्रिल इलिझारोव्ह नावाचा तरुण डॉक्टर खेड्यात नेमणुकीवर आला. युद्धात हातपाय मोडलेली आणि हाडे न सांधलेली माणसे त्याच्याकडे येत. १९५१ च्या सुमारास त्याने पायाभोवती कड्या बसवल्या, हाडातून तारा आरपार घालून त्या कड्यांना ताणून बांधल्या आणि कड्या सळयांनी जोडल्या. पहिल्या तारा सायकलच्या स्पोकच्या होत्या, असे सांगतात. एका रोग्याने नट उलटा फिरवला, हाडाची टोके जवळ येण्याऐवजी लांब गेली आणि मधल्या फटीत नवे हाड उगवले, अशीही गोष्ट सांगितली जाते. गोष्ट कशी का असेना, शोध खरा ठरला.

त्याचे नाव रशियाभर झाले ते व्हॅलेरी ब्रुमेल या खेळाडूमुळे. टोकियोच्या १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये उंच उडीचे सुवर्णपदक मिळवलेल्या या माणसाचा पाय १९६५ साली मोटारसायकलच्या अपघातात मोडला. पुष्कळ शस्त्रक्रिया फसल्या. शेवटी इलिझारोव्हच्या हाताखाली पाय बरा झाला आणि तो पुन्हा उड्या मारू लागला.

इलिझारोव्हने कुत्र्यांवर प्रयोग करून वेगही ठरवून दिला. दिवसाला अर्धा मिलिमीटर ताणले तर फट मध्येच सांधून जाते आणि काम अडते. दोन मिलिमीटर ताणले तर हाड धरत नाही, नुसते तंतू उरतात. दिवसाला एक मिलिमीटर हे प्रमाण बरोबर बसते. तेही एकदम नाही, दोन-चार हप्त्यांत. ठिबकने दिलेले पाणी आणि एकदम सोडलेला पाट यांतला फरक तुम्हाला मी सांगायला नको.

चेहऱ्यावर ही विद्या पुष्कळ उशिरा आली. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या जोसेफ मॅकार्थी यांनी १९९२ साली मुलांचा खालचा जबडा असा वाढवल्याचे प्रसिद्ध केले. १९९७ साली शिकागोच्या जॉन पॉली आणि अल्वारो फिगेरोआ यांनी वरच्या जबड्यासाठी डोक्याभोवती बसवायच्या चौकटीची पद्धत मांडली. आमच्या पोरीला हीच चौकट लावली.

मृगाच्या तोंडावर

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. ओठाच्या आतून चीर घेऊन वरचा जबडा कापून सैल केला. डोक्याभोवती अर्धवट कडी, तिला समोर चेहऱ्यापुढे येणारी एक उभी सळई, आणि त्या सळईपासून वरच्या दातांवरच्या पट्टीला गेलेल्या तारा. पाहणाऱ्याला भीती वाटावी असेच ते दिसते. आजीने पाहिले आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

पहिले पाच दिवस काहीच फिरवायचे नव्हते. जखमेत सांध्याचा मऊ थर धरायला तेवढा वेळ द्यावा लागतो. पेरल्या पेरल्या उकरून पाहिले तर बी रुजत नाही, तसेच हे. सहाव्या दिवसापासून सकाळी अर्धा आणि संध्याकाळी अर्धा मिलिमीटर. डॉक्टरांनी आईच्या हातात किल्ली दिली, किती आटे आणि कोणत्या दिशेने हे दोनदा करून दाखवले आणि तिच्याकडून दोनदा करून घेतले. फिरवले की वहीत खूण करायची. दर चौथ्या दिवशी दाखवायला यायचे. चौदा दिवसांचे काम होते. दोन मिलिमीटर जास्तीचे, कारण जबडा थोडा मागे सरकतो हे धरून चालावे लागते.

आठव्या-नवव्या दिवशी मृग लागला आणि आभाळ भरून आले. बाप घायकुतीला आला. कपाशीचे बी घरात पडलेले, औताला माणूस नाही आणि दर चौथ्या दिवशी तालुका ओलांडून दवाखाना. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे होतो. तो बायकोला म्हणाला, "आता रोज एकाऐवजी दोन फिरव. तीन दिवसांत उरकतंय. किती दिवस वावर तसंच ठेवायचं?"

मी काही बोलण्याआधी ती माउली बोलली. सोळा वर्षांपूर्वी दाराआड उभी असलेली तीच ही. म्हणाली, "परवा दोन पोती युरिया एकदम टाकला तर कपाशी जळंल, असं तुम्हीच शेजारच्याला सांगत होतात. माझ्या लेकीचं हाड का फुकटचं आलंय? पेरणी चार दिवस मागं राहिली तर राहू द्या." आणि तिने सांगितले तेवढेच आटे फिरवले, वहीत खूण केली, किल्ली देवळीत ठेवली.

बाप गप्प बसला. दुसऱ्या दिवशी त्याच्या भावकीतल्या दोघांनी औत धरले आणि पेरणी झाली. मी एवढेच केले, की त्या दोघांना जाऊन विचारले.

चौदा दिवसांनी खालचे-वरचे दात जुळले. पण काम तिथे संपत नाही. फटीतले नवे हाड तेव्हा ओल्या गाऱ्यासारखे असते. चौकट आणखी सहा आठवडे तशीच ठेवली. नंतर ती काढून काही महिने रात्री रबराचा ताण देणारा मुखवटा घालायचा होता. नवे हाड घट्ट व्हायला दोन-तीन महिने लागतात. तोवर भाकरी नाही, सुपारी नाही. आईने मुगाचे कढण, दुधात कुस्करलेला भात, नाचणीची आंबील आणि केळी यांवर पोर सांभाळली.

यातले धोकेही ऐका

औषधाच्या डब्यावर विषाची खूण असते, तशी याचीही बाजू सांगितली पाहिजे. स्क्रूच्या जागी पू होऊ शकतो, स्क्रू ढिला होतो, दाताच्या मुळाला इजा होऊ शकते, मिळवलेल्यातले थोडे परत मागे जाते. लहान वयात केले तर पुढे पुन्हा करावे लागण्याची शक्यता असते. आणि एक महत्त्वाचे : जबडा पुढे आला की टाळूची मऊ बाजू घशाच्या मागच्या भिंतीपासून लांब जाते, त्यामुळे काहींचे बोलणे आधीपेक्षा जास्त नाकातून येऊ लागते. म्हणून शस्त्रक्रियेआधी आणि नंतर वाचा तपासून घ्यावी लागते. आमच्या पोरीचे बोलणे थोडे बिघडले होते. ती आठवड्यातून एकदा वाचा-शिक्षकांकडे जाते आणि रोज आरशापुढे सराव करते. अजून पुरते सुधारलेले नाही.

आता ज्यांचा जबडा जन्मतः नाही, नंतर गेला त्यांच्याबद्दल. बैलाचे शिंग लागून जबडा फुटलेली माणसे आपल्या माहितीत असतात. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीने आपल्या राज्यातही अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला. त्यात मधुमेही आणि स्टिरॉइड घेतलेले रोगी जास्त होते. ही बुरशी म्हणजे कुजणाऱ्या पाल्यावर, शेणखतात आणि मातीत असणाऱ्या बुरशींच्याच कुळातली. धडधाकट माणसाला ती सहसा काही करत नाही. अशा रोग्यांनाही हाड वाढवण्याचा हा उपचार चालेल का? हाडाचे चांगले टोक शिल्लक असेल तरच. सगळाच भाग गेला असेल तर ताणायला हाडच उरत नाही. मग टाळूचे भोक झाकणारी कवळी, पायातले बारीक हाड आणून बसवणे किंवा गालाच्या हाडात रोवलेल्या खुंट्यांवर दात बसवणे असे मार्ग असतात. कर्करोगासाठी जिथे किरणे दिली आहेत तिथले हाड नीट भरत नाही. कोणाला काय लागू पडेल हे तपासून डॉक्टरच ठरवतील.

घरात असे मूल असेल तर

१. बाळाला लपवू नका. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांत आणि टाळूची नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान झालेली बरी. तोवर बाळ ओढून पिऊ शकत नसेल तर आईचे दूध काढून, त्याला उभट धरून चमच्याने पाजा.

२. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला. दुभंगलेले ओठ व टाळू हा दोष त्यात धरलेला आहे. अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या पथकाला मूल दाखवा. आशाताईंना विचारा.

३. शिवले म्हणजे संपले असे नाही. आठ वर्षांच्या सुमारास हिरडीतल्या खाचेसाठी आणि वाढ पुरी होताना जबड्यासाठी परत दाखवायचे, हे घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

४. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटून कोणती योजना लागू होते ते आधी विचारा. जाण्या-येण्याचा आणि राहण्याचा खर्च मात्र घरून धरून चाला.

५. उपचाराच्या काळात रोग्याने तंबाखू, मिश्री, विडी यांना हातही लावू नये. दात स्वच्छ ठेवावेत. आणि किल्ली सांगितली तेवढीच फिरवावी, कमी नाही आणि जास्त तर मुळीच नाही.

परवा त्या घरी गेलो होतो. आजी आता फार थकली आहे. नातीने सतरा नंबरचा अर्ज भरला आहे, ती बाहेरून दहावीला बसणार आहे. तिने मला ओसरीवर चहा आणून दिला आणि समोरच बसली. अर्ज देताना खिडकीतल्या बाबूने नाव विचारले होते. "दोनदा सांगावं लागलं," ती म्हणाली, "पण तिसऱ्यांदा नाही." आजी ऐकत होती. थोड्या वेळाने सुनेकडे बघून म्हणाली, "तुला लई बोलले मी." सून काही बोलली नाही. सासूच्या पाठीमागची उशी नीट केली आणि आत गेली.

पुढच्या आठवड्यात आपल्या नेहमीच्या वाटेवर येऊ. हरभऱ्यावरची घाटेअळी आणि पक्षिथांबे यांबद्दल लिहीन. तोवर राम राम.